गुलालाचा पिच्चर आणि इब्राहिमभाईंचा निकाल

…तर त्या पिच्चरमधल्या मुख्यमंत्र्याचं काल अर्धवटच राहिलं. चहा आला, कुणीतरी म्हशीचा विषय काढला आणि मुख्यमंत्री तसाच खिडकीत उभा राहिला बिचारा. त्याला आधी खाली बसवू, मग पुढं जाऊ.

झालं होतं असं की इब्राहिमभाई तांबोळींनी राजकारणावरचा एक मोठा हिंदी पिच्चर बघितला. त्यात मुख्यमंत्री आपल्या बंगल्याच्या खिडकीत एकटाच उभा राहतो, शहराचे दिवे बघतो आणि विचार करतो. चांगला पाच मिनिटं विचार करतो. मागं सारंगी रडत असते. दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर पानपट्टीची फळी वर करता करताच इब्राहिमभाईंनी निकाल देऊन टाकला.

“नापास.”

“का वो भाई? लोक तर लई भारी म्हनत्यात,” दुधाची किटली घेऊन थांबलेल्या एकानं विचारलं.

“मुख्यमंत्री आन येकटा? आरं, आपला ग्रामपंचायतीचा मेंबर आडोशाला गेला तरी चौघं संगं जात्यात. दोघं तोंड फिरवून हुबे ऱ्हात्यात, येक जन त्येचा फोन धरतो आन चौथा फोनवर म्हनतो, ‘सायेब मिटिंगमदी हायेत.’ आन ह्यो मुख्यमंत्री येकटा? बदलीचा कागद घिऊन कुनी आलं न्हाई? पोराला चिकटवा म्हनून कुनी पायावर पडलं न्हाई? आसला मुख्यमंत्री आसंल तर म्या बी व्हतो. निवांत काम हाय.”

त्या दिवसापासून वाडीत कुणी एकटं उभं दिसलं की त्याला मुख्यमंत्री म्हणायची चाल पडली. बसला एकदाचा मुख्यमंत्री. आता इब्राहिमभाईंकडं वळू.

मिरजगावच्या अलीकडं हायवेला आपला फाटा आहे, तिथून आत वळलं की वाडी. फाट्यावर कडुनिंबाखाली इब्राहिमभाईंची पानपट्टी, वडिलांपासून चालत आलेली. माणूस सत्तरीला टेकलेला, दाढीला मेंदी, बोटं कातानं रंगलेली, आणि शिक्षण चौथी पास. तीही वर्गात शेजारी बसणाऱ्या गहिनीनाथच्या पाटीवर बघून. पूर्वी पिच्चर बघायचा म्हणजे कर्जत गाठायचं, नाहीतर नगर. नगरला आता अहिल्यानगर म्हणतात, पण इब्राहिमभाईंची तिकिटं फाटली तेव्हा ते नगरच होतं. मग नात आलियानं मोबाईल टीव्हीला जोडून दिला आणि म्हातारा सुटला. हिंदी बघितले, मराठी बघितले, तमिळमधले खालची अक्षरं न वाचता बघितले. मारामारीला भाषा लागत नाही म्हणाले.

पिच्चर बघताना गप्प बसायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नाही, आणि शिकवलं असतं तरी ते शिकले नसते. पडद्यावरच्या माणसाशी ते थेट बोलतात. वकिलाला सांगतात, “लेका, साक्षीदार मागच्या दारात हाय.” हिरोइनीला सांगतात, “ह्येच्या नादी लागू नको, ह्येचा बाप शेवटाला आडवा येनार हाय.” त्यांची बायको जहिरा शेंगा फोडत बसलेली असते. ती म्हणते, “अजी, पिच्चर देखरें का झगडा कररें?”

“दोनो,” इब्राहिमभाई म्हणतात.

मागं एकदा त्यांनी उसातल्या बिबट्यावरची डॉक्युमेंटरी बघितली. डॉक्युमेंटरी म्हणजे काय, हे त्यांनी फाट्यावर समजावून सांगितलं होतं: ज्यात गाणं नाही, मारामारी नाही, आणि शेवटाला कुणीतरी पाण्याकडं बघत बसतं, ती डॉक्युमेंटरी. तर त्या डॉक्युमेंटरीत बिबट्या उसाच्या कडेला असा ऐटीत बसला होता की जणू कारखान्याचा चेअरमन. आवाज देणारा माणूस हळू आवाजात सांगत होता, माणूस आणि वन्यप्राणी यांचं सहजीवन.

“सहजीवन!” इब्राहिमभाई दुसऱ्या दिवशी पानाला चुना लावत म्हणाले. “माझा मेव्हना देवळाली प्रवराला ऱ्हातो, सगळा उसाचा मुलूख. त्येला बांधावर बिबट्या दिसला. ह्यो चपला सोडून पळाला. पळता पळता धोतर बाभळीला आडाकलं, धोतर बी सोडलं. गावात शिरला तवा लोक बिबट्याला इसरले आन ह्येच्याकडंच बघत बसले. ते दाखवा की! त्ये खरं सहजीवन. नापास.”

निवडणुकीवरचा एक नावाजलेला पिच्चर तर त्यांनी एका दमात आडवा केला. “तीन तास निवडनूक चालली आन येक बी मानूस जेवला न्हाई,” ते म्हणाले. “शिपी आमटी न्हाई, पंगत न्हाई, ‘आजून घ्या’ न्हाई. ही निवडनूक हाय का उपास?” आता कर्जत-जामखेडच्या बाजूला निवडणूक म्हणजे आधी डाळींच्या झणझणीत शिपी आमटीचं पातेलं आणि मग मतपेटी, हे शेंबडं पोरही सांगेल. मुंबईच्या डायरेक्टरला कोण सांगणार?

त्यांचे निकाल तीनच. पास, नापास आणि ढकलपास. वाडीतली तरणी पोरंसुद्धा इंटरनेटवर पिच्चरला किती तारे दिलेत ते बघत बसत नाहीत, फाट्यावर येऊन विचारतात. इब्राहिमभाईंनी पाडला की पडला. मग त्या पिच्चरवर वाडीत कुणी मोबाईलचा डेटा जाळत नाही. आणि हा मान त्यांना का मिळाला, तर ते माणसाचं थोबाड ओळखतात म्हणून. “खलनायक कोन ते म्या पाटीवर नाव यायच्या आदी सांगतो,” असं ते म्हणत, आणि बहुतेक वेळा सांगतही.

आता गहिनीनाथआबा. आबा म्हणजे इब्राहिमभाईंचे शाळेपासूनचे जोडीदार, ज्यांच्या पाटीवर बघून भाई पास झाले ते. थोडी लिंबाची बाग, बाकी ज्वारी-तुरीची जिरायत. दिवस कलला की पानपट्टीच्या बाकावर येऊन बसणार, बोलणार कमी, चुना जास्त मागणार. दोघंच असले की गहिन्या आणि इब्राम्या. चारचौघांत आबा आणि भाई.

दोन वर्षांपूर्वी आबा सरपंचपदाला उभे राहिले आणि पडले. पडण्याचं काही नाही, कुणीतरी पडल्याशिवाय कुणी निवडून येत नाही. पण आबा ज्या थाटात पडले तसा कुणी पडलेला नाही. तो किस्सा इब्राहिमभाई फाट्यावर इतक्या वेळा सांगत की एसटीचे कंडक्टरसुद्धा तो पाठ म्हणायचे.

मतमोजणी कर्जतला, तहसील कचेरीत. आपल्याकडं निकालाच्या दिवशी गुलाल बरोबर न्यावाच लागतो; नाही नेला तर आपल्यालाच आपला भरवसा नाही असं दिसतं. म्हणून आबांच्या पॅनेलचा टेम्पो पोतं घेऊन गेला. आत मोजणी, बाहेर दोरीमागं माणसं. एवढ्यात समोरच्या पॅनेलचे उमेदवार श्रीमंतराव कचेरीतून बाहेर आले. गालाला हात, डोळ्यांत पाणी, तोंड पार उतरलेलं.

“आन ते थोबाड बघितलं आन आपला गहिन्या चेकाळला!” इब्राहिमभाई सांगत. “म्हनला, पडला, श्रीमंत पडला! म्या म्हनतोय, थांब रं, निकाल लागू दे. पन ऐकतोय कोन! सोताच्या हातानं पोतं फोडलंन आन सोताच्या डोक्यावर वतलंन. हलगी सुरू. आन तेवढ्यात माईकवर पुकारलं… श्रीमंतराव इजयी!”

श्रीमंतरावांची अक्कलदाढ ठणकत होती, एवढंच. त्यांना आपण निवडून आल्याचं आतच कळलं होतं, पण दाढेपुढं सरपंचपद काय! झालं, पडलेला उमेदवार शेंडीपासून टाचेपर्यंत लाल आणि निवडून आलेला कोरडा ठणठणीत.

लोक हसून हसून बाकावरून घसरत. कुणीतरी ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ म्हणे. पोरं आबांना ‘लाल आबा’ म्हणू लागली. आणि आबा? आबा तिथंच बाकावर बसलेले असत. एवढंच म्हणत, “व्हय, तसंच झालं. चुना दे.”

आता गोष्टीचं खरं टोक. आबांचा मुलगा राम पुण्याला शूटिंगचं शिकून आला. त्या निवडणुकीत तो पहिल्या दिवसापासून कॅमेरा घेऊन मागं मागं होता. लोकांना वाटलं लग्नासारखं शूटिंग चाललंय, पेनड्राइव्ह मिळेल. पण त्यानं दोन वर्षं जुळवाजुळव करून तासाभराची डॉक्युमेंटरी केली. यंदा यात्रेला तमाशाच्या फडाची तारीख मिळाली नाही, तर सरपंच श्रीमंतराव म्हणाले, रामचा पिच्चर लावा शाळेच्या मैदानावर, कुस्त्यांचा हगामा झाला की. श्रीमंतरावांनी पिच्चर बघितला नव्हता. निवडून तेच आले होते, तेव्हा हिरो तेच असणार, असा त्यांचा सरळ हिशेब.

यात्रा आठवड्यावर आली आणि आबा भर दुपारी पानपट्टीवर आले. एरवी त्या वेळी ते बागेत असायचे.

“इब्राम्या, येक काम हाय.”

“पान लावू?”

“पान नको. रामचा पिच्चर पाड.”

इब्राहिमभाईंच्या हातातला अडकित्ता थांबला. “पोटच्या पोराचा पिच्चर पाडू?”

“व्हय. यात्रेच्या आदल्या दिशी नुसतं म्हन, नापास. कुनी फिरकनार न्हाई. कुस्त्या झाल्या की लोक आपापल्या घरी.”

“आन त्या पोराला काय वाटंल?”

“पोराला म्या बघतो. त्यो दुसरा पिच्चर काढंल. शेळ्यांवर काढंल.”

“तू बघितलाय?”

“बघितला. घरी गोजरनं बी बघितला. बघायसारखं काय न्हाई त्यात. माझं लाल थोबाड, दुसरं काय! आमच्या अश्विनीच्या सासरची समदी येनार हायेत यात्रेला. त्यास्नी माझं थोबाड पडद्यावर येवढं मोठं दाखवायचं व्हय?”

“बरं, बघतो आन मंग…”

“बघायचं न्हाई!” आबा एकदम म्हणाले. मग आवाज खाली घेतला. “तुझ्या डोळ्याला तरास. म्या सांगतोय ना, नापास हाय.”

“गहिन्या, न बघता निकाल म्या आजवर दिला न्हाई. पाडतो म्हनलं तर पाडतो. पन बघून पाडतो.”

“मैत्रीखातर येवढं बी व्हत न्हाई तुझ्याच्यानं?”

“मैत्रीखातरच पाडतोय. फुकट कोन पाडतं?”

आबा निघून गेले. इब्राहिमभाईंना वाटलं, माणूस खचलाय; दोन वर्षं लाल आबा ऐकून ऐकून खचलाय. मग पक्कं ठरवलं. पिच्चर सोन्याचा असला तरी पाडायचा.

दुसऱ्या दिवशी राम स्वतःच पेनड्राइव्ह घेऊन आला. “चाचा, खरं सांगा. घरचा म्हनून सोडू नका.”

“सोडनार न्हाई,” इब्राहिमभाई म्हणाले, आणि पोराच्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

संध्याकाळी आलियानं टीव्ही लावून दिला. जहिरा शेंगा घेऊन बसली. इब्राहिमभाई दंड थोपटूनच बसले होते. पहिली पाटी आली तशी म्हणाले, “अक्षरं बारीक. नापास व्हायला सुरुवात झाली.”

पण मग आबा पडद्यावर आले, प्रचाराला निघालेले. घरोघरी हात जोडत चाललेत. एका दारात कुणी नव्हतं, दोरीवर सदरा वाळत होता, तर आबांनी सदऱ्याला हात जोडले. पुढच्या घरी श्रीमंतराव आधीच मतं मागायला बसलेले, घरातल्या म्हातारीनं दोघांना एकाच सतरंजीवर बसवून पोहे दिले आणि दोघांनाही सांगितलं, “माजं मत तुलाच.” इब्राहिमभाई खो खो हसले. मग शिपी आमटीची पातेली आली, लाल तर्री, भाकरी चुरून बसलेली पंगत, आणि पंगतीतल्या एकाच्या एका खिशाला आबांचा बिल्ला, दुसऱ्या खिशाला श्रीमंतरावांचा. “बघ, बघ, जेवत्यात!” इब्राहिमभाई ओरडले. “पैला पिच्चर ज्यात मानसं जेवत्यात!”

“नापास करनेवाले थे ना?” जहिरा म्हणाली.

“आजून संपला कुटं?”

मग कर्जत आलं. तहसील कचेरी, दोरी, माणसं. श्रीमंतराव बाहेर आले, गालाला हात. कॅमेरा गर्रकन आबांकडं वळला. इब्राहिमभाई पुढं सरकून बसले. आता गहिन्या चेकाळणार.

आणि पडद्यावरचे आबा अगदी शांतपणे म्हणाले, “थांब रं. निकाल लागू दे.”

इब्राहिमभाईंना वाटलं, आवाज कुणाचा तरी भलताच जोडलाय. पण कॅमेरा तसाच वर गेला. टेम्पोच्या हौद्यात चढत असलेली मेंदीची दाढी, हातात अडकित्ता. “आरं, थोबाड बघ त्येचं!” दाढी ओरडत होती. “सारी हयात म्या पडद्यावरची थोबाडं वाचत आलोय! पडला म्हंजी पडला!” आणि अडकित्त्यानं पोत्याची शिवण कापून ते अख्खं पोतं दाढीनं आबांच्या डोक्यावर उलटं केलं. आबा दोन्ही हात वर करून नको नको म्हणत होते. लांबून ते नाचल्यासारखं दिसत होतं.

जहिरानं टीव्हीकडं बघितलं. मग नवऱ्याकडं बघितलं. “अजी, ये तो तुमीच हैं.”

“माघारी घे,” इब्राहिमभाई म्हणाले.

आलियानं माघारी घेतला. पुन्हा तेच. पुन्हा घेतला. दर खेपेला इब्राहिमभाईंना वाटे, या खेपेला आपण टेम्पोवर चढणार नाही. दर खेपेला चढायचेच. कॅमेऱ्यानं काही खोटं सांगितलं नव्हतं. खोटं सांगितलं होतं ते डोक्यातल्या डायरेक्टरनं. त्यानं दोन वर्षांत एक एक सीन इकडचा तिकडं केला, आबांचं वाक्य भाईंच्या तोंडी घातलं, भाईंचा अडकित्ता कापून टाकला आणि वर प्रेक्षकांत आबांनाच बसवलं. आणि इब्राहिमभाईंची कुराणावर हात ठेवायची तयारी होती की हे असंच घडलंय.

पिच्चर संपला नव्हता. टेम्पो परत निघाला. रस्त्याकडेला एक पाण्याचा हौद लागला तसे पॅनेलचे लोक टपाटप उतरून तोंडं धुवायला लागले. कुणी सदरा उलटा करून घातला. आबा एकटेच टेम्पोच्या हौद्यात बसून राहिले, लालभडक. कॅमेऱ्यामागून रामचा आवाज आला, “आबा, तोंड धुवा की.”

आबांनी केबिनकडं बघितलं. केबिनमध्ये काचेला डोकं टेकून इब्राहिमभाई बसलेले, मान खाली. आबा हळू बोलले, पण पोरानं माईक चांगला घेतला होता. “ऱ्हाऊ दे. म्या धुतलं की समदे त्येच्याकडं बघत्याल. आन हे बघ, पोतं कुनी फोडलं म्हनून गावात इचारलं तर म्याच फोडलं. टेम्पोतल्यांस्नी बी सांगून ठेव. इब्राम्याला थोबाड वळकता येत न्हाई म्हनले तर मरंल त्यो.”

पुढं गाव आलं, पोरं मागं लागली, पिच्चर संपला.

 जहिरानं शेंगांचं सूप खाली ठेवलं. इब्राहिमभाईंना तेवढ्यात सगळंच लक्षात आलं: आबा भर दुपारी का आले, ‘बघायचं न्हाई’ असं एकदम का म्हणाले. गहिन्याला स्वतःचं थोबाड झाकायचं नव्हतंच. त्याला दुसरंच थोबाड झाकायचं होतं, मेंदीच्या दाढीचं.

आता करायचं काय? नापास म्हटलं की मिटलं. वाडी फिरकणार नाही, आबांना दिलेला शब्दही राखला जाईल, फाट्यावरचा मान जागच्या जागी. पास म्हटलं तर साऱ्या वाडीपुढं, आबांच्या व्याह्यांपुढं निघणार काय, तर थोबाडं वाचणाऱ्या माणसाला दाढदुखी वाचता आली नाही. असल्याला उद्या निकाल विचारणार कोण? आणि निकालाशिवाय इब्राहिमभाई म्हणजे नुसती सुपारी.

“करो नापास,” जहिरा उठता उठता म्हणाली. “मगर कौनसा सीन खराब था, वो मेरेकू बोलना.”

यात्रेच्या आदल्या सकाळी फाट्यावर गर्दी. आबा बाकावर येऊन बसलेले, नजर इब्राहिमभाईंवर. एका पोरानं विचारलंच, “चाचा, रामभाऊचा पिच्चर बघितला म्हनं. निकाल?”

इब्राहिमभाईंनी पान घेतलं. देठ खुडला. चुना लावला, पुसला, पुन्हा लावला. आबांनी डोळ्यांनी खुणावलं: म्हण.

“पास,” इब्राहिमभाई म्हणाले. “पैल्या नंबरानं पास. आन जो कुनी बघायला येनार न्हाई त्येला हितं चुना बी मिळनार न्हाई.”

आबा ताडकन उठले. तोंडातलं पान थुंकले, जे त्यांनी आयुष्यात कधी अर्धवट थुंकलं नव्हतं, आणि तरातरा वाडीकडं चालू लागले.

दुसऱ्या दिवशी हगामा आटोपला, दिवे लागले आणि शाळेच्या मैदानावर वाडी लोटली. तमाशा नसल्यानं बायाही आल्या होत्या. आधी सत्कार. शाल आणि नारळ देता देता एवढा वेळ गेला की पिच्चरपेक्षा सत्कारच लांब झाला. पडदा बांधणाऱ्याचा, दोरी देणाऱ्याचा, मैदानाच्या शेजारी ज्याचं घर आहे त्याचाही सत्कार झाला. श्रीमंतराव पहिल्या रांगेत हार घालून बसले. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत इब्राहिमभाई, नवा सदरा घालून. आबा मात्र पार मागं, भिंतीला टेकून उभे.

पोह्यांवर लोक हसले, वाळत घातलेल्या सदऱ्यावर हसले. श्रीमंतराव गालाला हात लावून बाहेर आले तसा खऱ्या श्रीमंतरावांचाही हात गालाला गेला, त्यावर आणखी हसले. मग आबांचं “थांब रं” आलं आणि मैदान चपापलं. मग टेम्पोवर मेंदीची दाढी चढली.

काय हशा उठला म्हणून सांगायचं! यात्रेत सोडलेले आपटबार त्यापुढं फिके. पोरं “अडकित्ता! अडकित्ता!” म्हणून ओरडायला लागली. अश्विनीचे सासरे हसता हसता खुर्चीसकट मागं कलंडले. एक म्हातारा तर म्हणाला, दोन वर्षं भलत्याच माणसाला हसलो, ते हसू व्याजासकट परत द्या. इब्राहिमभाई सरळ पडद्याकडं बघत बसून राहिले, कान मात्र गुलालासारखे.

मग हौद आला, आबांचं ते हळू बोलणं आलं. कुणीतरी नाक ओढलं. कुणीतरी दुसऱ्यानं ओढलं. एवढ्यात बायकांच्या घोळक्यातनं आबांच्या घरवालीचा, गोजरबाईंचा आवाज आला, “ह्यांची झाली दोस्ती! आन त्यो सदरा म्या आजून भिजत घालतीय, गुलाल जाईना!”

पुन्हा हशा. राम प्रोजेक्टरच्या टेबलामागं डोळे पुसत हसत होता. दिवे लागले, लोक उठले, आणि जो तो इब्राहिमभाईंच्या पाठीवर थाप मारायला लागला. “भाई, माझं थोबाड बघून सांगा, दाढ हाय का निवडून आलोय?” “चाचा, अडकित्त्याला धार हाय ना?”

त्या गर्दीतून वाट काढत आबा पुढं आले. चेहरा असा की लोक आपोआप बाजूला झाले. थेट इब्राहिमभाईंसमोर उभे राहिले.

“समाधान झालं?” आबा कडाडले. “तुला सांगत हुतो पाड म्हनून! झाकलेलं झाकलेलंच ऱ्हायलं आसतं. लाल आबा म्हनत्यात तर म्हनू दे की, माझ्या काय आंगाला भोकं पडली नव्हती! आन आता? उद्यापासनं फाट्यावर तुझ्या निकालाला कोन इचारनार हाय रं? सगळी वाडी तुला हसतीय, कळतंय का?”

मैदान कान टवकारून उभं राहिलं. इब्राहिमभाईंनी नव्या सदऱ्याची कॉलर नीट केली, आबांना खालपासून वरपर्यंत एकदा न्याहाळलं आणि म्हणाले:

“गप ऱ्हा, गहिन्या! आख्ख्या पिच्चरमदी काम केलं ते म्या येकट्यानं, तू नुसता बसून लाल झालास. आन आता लोक हिरोकडं बघाया लागले तर तुझ्या पोटात दुखतंय व्हय?”